मृण्मयीची रेघ

पेन्सिल उडाली ती थेट आमटीच्या पातेल्यात. मी पळीने ती बाहेर काढली, नळाखाली धरली, गाऊनला पुसली आणि परत मृण्मयीच्या पुढ्यात ठेवली.

"म काढ," मी म्हटलं. "नुसता म. बाकीच्या नावाचं मग बघू."

मृण्मयीने पेन्सिल उचलली. माझ्याकडे नाही, ओट्यावरच्या टाइल्सकडे बघत तिने कागदावर आडवी रेघ ओढली. डावीकडून सुरू केली ती पार उजव्या काठापर्यंत. मग थांबली.

"अगं, रेघ नंतर! आधी अक्षर, मग रेघ. किती वेळा सांगायचं तुला?" मी खोडरबर घेतला आणि रेघ खसाखसा खोडून टाकली.

"रेघ!" ती किंचाळली.

"नंतर!"

"रेघ! रेघ! रेघ!"

पेन्सिल पुन्हा उडाली. या वेळी फ्रीजखाली गेली. मी जमिनीवर पालथी पडून लाटण्याने ती काढायला लागले. तिथेच, फरशीवर गाल टेकवून, मला रडू आलं. रडू कसलं, रागच होता तो. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं म्हणून डोळ्यांतून येत होता.

खूप वर्षं झाली या गोष्टीला. आज मृण्मयी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. पण तो शनिवार आठवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि दुसऱ्यांदा पहिलीत बसली होती. डॉक्टरांनी स्वमग्न म्हणून सांगितलं होतं. बोलणं मोजकं, तेही तिच्या सोयीचं. शाळा मात्र तिला मनापासून आवडायची. सकाळी रिक्षाचा हॉर्न वाजला की दप्तर पोटाशी धरून ही दारात उभी. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळ्या कविता पाठ होत्या, आकडे येत होते, फक्त लिहिणं नव्हतं. पेन्सिल हातात दिली की अक्षरं कागदभर उधळायची. म वरच्या कोपऱ्यात, य पार खाली पोटावर पडलेला, आणि मधे काय ते देवाला ठाऊक.

तिच्या वर्गशिक्षिका सुतार बाई. त्यांनी शुक्रवारी मला थांबवून घेतलं आणि बाजूला नेऊन सांगितलं, "मृण्मयीच्या आई, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. मोठ्या बाई म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीच्या आत तिने स्वतःचं नाव तरी लिहून दाखवावं. नाहीतर तिला त्या कोल्हापूरच्या शाळेत घाला. तिथं वसतिगृह आहे, अशा मुलांची सोय होते."

"अशा मुलांची म्हणजे?"

"तुम्ही रागावू नका हो. सोमवारी दुपारी या. माझ्यासमोर लिहू दे. नुसतं नाव, बाकी काही नको." मग घुटमळून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? नावच अवघड आहे. दाखल्यावर मीना करून घ्या की. दोन अक्षरं. कुणालाही येईल."

सांगली ते कोल्हापूर काही लांब नाही. पण माझ्या गाऊनची बाही मुठीत धरल्याशिवाय जिला झोप लागत नाही, ती वसतिगृहात कुणाची बाही धरणार होती? घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बघू, विचार करायला हरकत नाही." ह्यांच्या कारखान्यात गळीत हंगामाची तयारी चालू होती, रात्रंदिवस ड्यूटी. ते 'विचार करायला हरकत नाही' म्हणून गेले आणि मला मात्र घासही गिळवेना.

आणि शनिवारी मी फ्रीजखाली लाटणं घालून पडलेली असतानाच दारात आवाज आला, "अगं बाई! नंदा, पडलीस काय?"

कुमुदताई. माझी मोठी नणंद, जयसिंगपूरच्या. हातात चिवड्याचा डबा, खांद्याला भली मोठी पिशवी आणि तोंड चालू. दिवाळीच्या साफसफाईला मदत करायला म्हणून आल्या होत्या. ताई मदत करतात म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत.

"पडले नाही, ताई. पेन्सिल काढतेय."

"लाटण्याने? आणि ही आमटी काय सांडलीय?"

मी उठून बसले. तोंडात जे आलं ते बोलून टाकलं. "ताई, तुम्ही आत्या ना हिच्या? बारशाला कानात कुर्र करून नाव कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं. दुसरं कोण ठेवणार?"

"मग आता लिहायला तुम्ही शिकवा! म ला ऋकार, अर्धा ण, त्याला जोडून म, य ला दीर्घ वेलांटी. एवढ्याशा पोरीच्या बोटांना हे सगळं! उमा ठेवलं असतं, लता ठेवलं असतं, तुमचं काय गेलं असतं?"

ताई पाटावर टेकल्या. "नंदे, पोरगी पाळण्यात होती तेव्हा मला काय स्वप्न पडलं होतं? इतकं गोड नाव. सगळ्या गल्लीत एकीचं नाही."

"लिहिता येत नाही म्हणूनच नाही!"

यावर ताई हसल्या. मला अजूनच राग आला. मग शाळेत काय झालं ते सांगितलं तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. कोल्हापूरच्या वसतिगृहाचं ऐकून त्यांनी पदर खोचला, मीना ऐकून तर उभ्याच राहिल्या. "मीना? मी ठेवलेलं नाव बदलणार ही बाई? आण ती पेन्सिल. मी शिकवते. आमच्या वेळी धुळपाटीवर बोट धरून गिरवून घेत होते, सगळ्यांना आलं."

"ताई, तिला हात धरलेलं चालत नाही."

"तू गप. आत्याचा हात चालतो."

ताईंनी मृण्मयीचा हात आपल्या मुठीत घेतला आणि म गिरवायला सुरुवात केली. अर्धा म झाला असेल नसेल, मृण्मयी ताईंच्या मनगटाला कडकडून चावली.

"आईऽऽ गं! चावली की गं ही!"

"मी सांगत होते," मी हळद आणून दिली. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं.

गंमत म्हणजे मृण्मयीच्या हातात काही कमी नव्हतं. हीच तर माझी खरी तडफड होती. वर्षभर मी तिला गौरी मॅडमकडे नेत होते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नुकतीच शिकून आलेली, गोड मुलगी. तिने सांगितलं होतं की पेन्सिल धरायच्या आधी बोटं तयार झाली पाहिजेत. म्हणून आमच्या घरात वर्षभर नुसता बोटांचा कारभार चालला होता. कणकेच्या गोळ्या वळा, मटार सोला, साबुदाणा आणि मसूर एकत्र करून परत वेगवेगळा करा, ओला स्पंज पिळा. सगळं मृण्मयी करायची. मटार सोलायला माझ्यापेक्षा वेगवान झाली होती. तांदळातला खडा तर असा उचलायची की ताईसुद्धा बघत राहिल्या.

आणि कपड्यांचे चिमटे. हे गौरी मॅडमचं सगळ्यात आवडतं काम. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, या तीन बोटांनी चिमटा दाबायचा. पेन्सिलही याच तीन बोटांत धरतात. त्यामुळे गच्चीवर कपडे वाळत घालणं हे मृण्मयीचं काम झालं होतं. मी कपडे झटकून द्यायची, ती दोरीवर टाकायची आणि चिमटा लावायची. एकही कपडा वाकडा चालायचा नाही. वरचा काठ दोरीला सरळ, चिमटा उभा. एकाला लाल चिमटा लागला की त्या दिवशी सगळ्यांना लालच.

सगळं घालून झालं की मात्र लगेच काढायला निघायची. तिला काम संपलंसं वाटायचंच नाही. म्हणून मी रोज म्हणायची, "हात नको लावू. वाळू दे." होता होता ते तिनेच उचललं. शेवटचा चिमटा लावला की दोन पावलं मागे सरायची, स्वतःच म्हणायची, "वाळू दे," आणि जिना उतरायला लागायची.

मागच्या भेटीला गौरी मॅडमनीही हात टेकले होते. मृण्मयीच्या बोटांवरून बोट फिरवत म्हणाल्या होत्या, "हात तयार आहे, मगदूम वहिनी. ताकद आहे, पकड आहे. मग लिहिताना काय बिघडतं तेच मला कळत नाहीये."

"तुम्हाला कळत नाही तर मला काय कळणार?" मी तेव्हा फटकन म्हटलं होतं. बिचारीचा चेहरा उतरला. पण मी तरी काय करणार होते? वर्षभर साबुदाणा निवडला होता आम्ही.

शनिवारी संध्याकाळी मी आणखी एक युक्ती केली. म्हटलं, रेघ रेघ करतेय ना, घे रेघा. दुरेघी वही आणून दिली. मृण्मयीचा चेहरा एकदम उजळला. पेन्सिल घेतली आणि छापील रेघेवरून गिरवत निघाली. एक रेघ संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. पान संपलं, उलटलं, पुढचं पान. मध्ये एक अक्षर नाही. ताई म्हणाल्या, "वहीची वाट लावली पोरीने." मी वही ओढून घेतली तेव्हा घर डोक्यावर घेतलं तिने. शेजारच्या कुलकर्णी काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, अभ्यास चाललाय."

रविवारी ताईंची मदत सुरू झाली. सकाळी उठून बघते तर घरातल्या सगळ्या चादरी, पडदे, सोफ्याची कव्हरं, आणि ती जाडजूड सोलापुरी चादर, सगळं भिजवून ठेवलेलं.

"ताई, एवढं कुठे वाळायचं? दोरी एक आहे."

"ऊन बघ की कसलं पडलंय. होतंय सगळं."

आम्ही तिघी पिळे घेऊन गच्चीवर गेलो. टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या लोखंडी अँगलपर्यंत आमची दोरी बांधलेली होती. मृण्मयीने आधी आपले छोटे कपडे टाकले, रुमाल, मोजे. एकेक चिमटा. सगळं व्यवस्थित. मग ताईंनी तिला बाजूला केलं आणि ती सोलापुरी चादर दोन्ही हातांनी उचलून दोरीवर फेकली. दोरीने काय ते सहन केलं एक क्षण, आणि काडकन तुटली.

रुमाल, मोजे, चादर, सगळं खाली. ताई म्हणाल्या, "जुनीच होती मेली." त्यांच्याकडे बघायला मला वेळ नव्हता, कारण मृण्मयी किंचाळायला लागली होती.

तिच्या हातात एक रुमाल होता, लावायचा राहिलेला. चिमटा दाबलेला, रुमाल त्यात पकडलेला आणि हात वर हवेत, जिथे मघाशी दोरी होती बरोबर तिथे. हात खाली घेईना. पाय आपटत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात तसाच वर.

"रेघ! रेघ! रेघ!"

"ऐक," ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तुम्ही लोकांनी त्या रेघेने पोरीचं डोकं उठवलंय. कपडे वाळत घालतानासुद्धा रेघ. कशाला एवढा अभ्यास घेतेस गं?"

मलाही तसंच वाटलं. वाटलं, शुक्रवारपासून मी हिच्या इतकी मागे लागले की हिला आता सगळीकडे शाळाच दिसतेय. मनात म्हटलं, जाऊ दे. नाही येत तर नाही येत. दोरीची दोन टोकं गाठ मारून जोडली आणि ताणून बांधली. दोरी आपल्या जागेवर आली त्या क्षणी मृण्मयी गप्प. रुमाल दोरीवर टेकवला, चिमटा सोडला. नाक ओढत खाली पडलेले मोजे उचलले, तेही लावले. दोन पावलं मागे. "वाळू दे." आणि निघाली खाली.

सोलापुरी चादर आम्ही कठड्यावर टाकली. त्या दिवशी मी पेन्सिलीला हात लावला नाही.

सोमवारी दुपारी शाळेत गेलो. ताई बरोबर होत्याच. "तू लिहून घे, नावाचं मी बघते," म्हणून इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. वर्ग रिकामा होता, मुलं खेळाच्या तासाला मैदानात होती. मृण्मयी सरळ आपल्या तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला जाऊन बसली. सुतार बाईंनी पुढ्यात एक कोरा कागद ठेवला, टोक केलेली पेन्सिल ठेवली.

"नमस्कार," ताई म्हणाल्या. "मी हिची आत्या. नाव मी ठेवलंय."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "छान आहे. बसा." मग मृण्मयीकडे वळून गोड आवाजात, "चल बाळा, नाव लिही. मृण्मयी."

मृण्मयीने पेन्सिल घेतली. कागदाच्या डाव्या काठापासून आडवी रेघ ओढली.

बाईंनी खोडरबर पुढे केला. "रेघ शेवटी, बाळा. आधी अक्षर." आणि रेघ खोडली. बाई वाईट नव्हत्या, सांगून ठेवते. बावीस-तेवीस वर्षं शिकवत होत्या. त्या दिवशीही आवाज चढवला नाही त्यांनी.

मृण्मयीने परत रेघ ओढली.

"आधी अक्षर." परत खोडली.

मृण्मयीने म काढला. कागदाच्या पार वर, कललेला. मग हात खाली आला, खालच्या कोपऱ्यात काहीतरी काढलं, ते ण होतं की नुसता गिचमिडा कोण जाणे. मग थांबली. कागदाकडे बघितलं. खालचा ओठ बाहेर आला.

"रेघ."

"शेवटी देऊ या हं रेघ," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात, "बघताय ना तुम्ही? मी तरी मोठ्या बाईंना काय सांगू?"

"रेघ! रेघ!"

ताई उठल्या. "हे बघा बाई, पोरगी घाबरलीय..."

"रेघ!" मृण्मयी बाकावर उभी राहिली. तीन बोटांत पेन्सिल गच्च दाबलेली, आणि हात वर हवेत. पाय आपटत होती, रडत होती, पण तो हात काही खाली घेईना.

मी बघत राहिले. हा हात मी काल पाहिला होता. हीच तीन बोटं, अशीच दाबलेली. काल त्यांत चिमटा होता आणि चिमट्यात रुमाल.

"अगं बाई," मी म्हटलं. एवढंच आलं तोंडून. मग म्हटलं, "बाई, दोरी! तिला दोरी पाहिजे!"

"दोरी?" बाई दचकल्या. "काय करायची दोरी?"

"ती गच्चीवरच्या दोरीला रेघ म्हणते! काल दोरी तुटली तेव्हा हेच, अस्संच! अहो, दोरी नसेल तर कपडे कशाला अडकवायचे तिने? आपण तिला सांगतोय, आधी हवेत कपडे लटकव, दोरी मागाहून बांधू!"

"मृण्मयीच्या आई, मला काही कळत नाहीये. अक्षर काढून मगच शिरोरेषा द्यायची असते. सगळी मुलं..."

"सगळ्या मुलांची मला नका सांगू!" माझा आवाज चढला. वर्षभराचं सगळं त्या आवाजात आलं. "ही वर्षभर रेघ मागतेय आणि आम्ही वर्षभर खोडतोय! एकदा, फक्त एकदा तो खोडरबर तुमच्याकडे ठेवा. नाही आलं तर मी स्वतः मोठ्या बाईंकडे येते आणि दाखला मागते."

बाई काही बोलणार होत्या. ताईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला खोडरबर सरळ काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली. "हं," म्हणाल्या. "आता बघू."

मी कागद उलटा केला, कोरी बाजू वर. मृण्मयीला हात लावला नाही. नुसतं म्हटलं, "मनू, रेघ बांध."

रडणं हळूहळू थांबलं. ती खाली बसली. नाक ओढलं. कागदाच्या डाव्या काठाला पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढली, लांबच लांब. कागद संपला तरी थांबली नाही, बाकाच्या लाकडावर वीतभर पुढे नेली. मग मान वाकडी करून ती सरळ आहे का ते बघितलं.

मग रेघेच्या डाव्या टोकाला म अडकवला. वाकडा होता, पण वर टेकलेला होता, बरोबर रेघेला. त्याच्या पायाशी ऋकार, खाली सुटलेल्या नाडीसारखा. मग अर्धा ण. हा तिने कधी धड काढलाच नव्हता. पण काढला. दोन काड्या, मध्ये वळण, वर रेघेला चिकटलेला. त्याला लागून म. त्याच्या शेजारी य. सगळे एका ओळीत, एकही खाली पडला नाही. शेवटी काना, सरळ, खालपर्यंत.

आणि थांबली.

मला कळलं का थांबली ते. आता वेलांटी. वेलांटी रेघेच्या वर असते. कपडा काही दोरीच्या वर नसतो. मला सांगावंसं वाटलं, हात पुढे गेला, तो मीच दुसऱ्या हाताने धरला. ताई माझ्या कानात पुटपुटल्या, "दीर्घ आहे, दीर्घ," जशी काही ती मीच लिहिणार होते.

मृण्मयी रेघेकडे बघत होती. पेन्सिल रेघेच्या वर नेली, खाली आणली, परत वर नेली. मग स्वतःशीच म्हणाली, "चिमटा."

आणि कान्याच्या डोक्यावर, रेघेच्या वर, तिने वेलांटी लावली. नीट, दाबून, कपडा उडून जाऊ नये इतकी घट्ट.

मैदानातून मुलांचा गलका येत होता. सुतार बाई पुढे वाकल्या, चष्मा सरळ केला आणि एकेक अक्षर बोटाने दाखवत वाचू लागल्या. "मृ... ण्म... यी." परत एकदा वाचलं, सलग. "मृण्मयी."

"काय?" ताई म्हणाल्या. "आहे का मीना कुठे?"

बाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या बाकावर उतरलेल्या रेघेकडे बघत राहिल्या. "अक्षर वाईट आहे," शेवटी म्हणाल्या. "पण वाचता येतंय. कुणालाही येईल." मग घसा साफ केला. "कोल्हापूरचं राहू दे तूर्त. मी मोठ्या बाईंना सांगते. दिवाळीनंतर आहे त्याच बाकावर बसू दे तिला. वहीत... वहीत रेघ मी आधी घालून देईन."

मी मान हलवली. थँक्यू म्हणायला हवं होतं, ते राहूनच गेलं. आनंद होता का? असेलही. पण त्या घटकेला मला जास्त करून त्या खोडरबराचा राग येत होता, वर्षभराच्या सगळ्या खोडरबरांचा.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या, "लगेच दाखवून येते. त्या आता ऑफिसमध्ये आहेत." आणि कागद उचलायला हात पुढे केला.

मृण्मयीने तळहात कागदाच्या आडवा धरला.

"काय झालं बाळा? दे ना. बघू."

मृण्मयी बाकावरून उतरली. दोन पावलं मागे सरली. वर्गातल्या फळ्याकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली, "वाळू दे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतेय?"

"वाळू दे म्हणतेय," मी सांगितलं. "आत्ता हात नका लावू, बाई."

सुतार बाईंचा हात कागदावर तसाच थांबला होता. तो त्यांनी मागे घेतला. मग पहिल्या बाकावर, मुलांच्या त्या बुटक्या बाकावर, त्या अवघडून बसल्या. ताई त्यांच्या शेजारी बसल्या. मी भिंतीला टेकले. खिडकीतून ऊन येत होतं, ते बाकाच्या अर्ध्यावर आलं होतं. नाव वाळेपर्यंत आम्ही सगळ्या तिथेच थांबलो.